राहिलेली अर्धी दाढी

—दोन हजार बावीसचा हिवाळा, ऐन कडाक्याचा. तेव्हापासून तुमची अर्धी दाढी माझ्याकडे राहिलीय, पोस्टमास्तर. माझा हात थरथरला, तुमचा गाल कापला, तुम्ही साबणासकट उठून गेलात. आज निरोप मिळताच आलात, बरं केलंत. बोलू नका. पातं गळ्यापाशी आहे.

हात? आता थरथरत नाही. बघा— नको, मान वर ठेवा. डॉक्टर म्हणाला, नस ठीक आहे, भीती बसलीय. मुलगा म्हणाला, दुकान बंद करा. म्हटलं, मी गेल्यावर कर. सूनबाईनं मात्र संमोहनवाली बाई शोधली— ती कुठे, मी कुठे, मध्ये मोबाइल. हा असा आरशाला टेकवला, आणि मी याच खुर्चीत, गिऱ्हाईक होऊन, जन्मात पहिल्यांदा— मऊ आहे हो खुर्ची. बाई म्हणाली, चेहरा दिसू द्या, हात दिसू द्या, नेट गेलं तर घाबरू नका, डोळे आपोआप उघडतील, मी साधा फोन करीन. मग सुरू— खांदे सैल, जबडा सैल, श्वास सावकाश— अहो, हे तर मी आयुष्यभर फुकट सांगत आलो. झोपलो? छे. बाहेरची सायकलची घंटासुद्धा ऐकू येत होती. पण हात मांडीवरून तरंगत वर निघाला, माझाच हात, मला न विचारता— असं हसू फुटलं की बाईही हसली. म्हणाली, अंगठा नि बोट जुळवा, जुळलं की हात शांत. तेवढ्यात नेट गेलं. सूनबाई म्हणते, बाबा, हात खाली घ्या. कसा घेऊ? डोळे टक्क उघडे होते, पण बाईनं खाली घ्या म्हटलं नव्हतं. शब्द म्हणजे शब्द. फोन आला तेव्हा घेतला.

मग रोज फुग्याला फेस लावून दाढी. फुगा फाट्कन फुटायचा, फेस सूनबाईच्या नाकावर, ती हसून लोळायची, मीही— दार लावून, लोकांनी कशाला बघायचं? काल एकही फुटला नाही.

माणूस? माणूस तुम्हीच पहिले.

ताठ झालात ना? बोलायला नको होतं. मुलगा बाहेर उभा आहे, कुलूप घेऊन— आज हात चुकला की दुकानाला लावायला. तिकडे बघू नका. खांदे सैल. जबडा सैल. श्वास सावकाश— माझाही. अंगठा. बोट. हं… हं…

हात फिरवून बघा गालावर. दोन्ही.

फिटली तुमची अर्धी. उठा.