नाक्यावरचा फोटो

निपाणी स्टँडवर बेळगावच्या बसची वाट बघत बसलेल्या कल्याणीला हातातलं पुस्तक काही वाचता येईना. पाठीमागच्या बाकावर एका नव्या खासगी विद्यापीठाचे खेळाचे सर एका कुस्ती खेळणाऱ्या मुलीला आणि तिच्या बापाला पटवत होते.

"आप्पा, फी माफ. हॉस्टेल फुकट. दूध, अंडी, बदाम सगळं आमचं."

"लई झालं की! आरोही, व्हय म्हण."

"सर, बीएस्सीला फिजिक्स कोण शिकवतंय?"

"तू वर्गात कशाला बसतीस? हजेरी आम्ही लावतो. तू नुसतं मेडल आण."

"पण मला शिकायचंय."

"अगं, फिजिक्सचे सर पुढल्या वर्षी घेणार हाय. आधी पोरं तर भरू देत! कोगनोळी नाक्यावर तुझा एवढा मोठा फोटो लावलाय. तो बघून धडाधड अ‍ॅडमिशन व्हायल्यात."

"मला न विचारताच?"

"विचारायचं काय त्यात? तू आमचीच की!"

बेळगावची बस लागली. कल्याणी जागची हलली नाही.

"आप्पा, उठा."

"आगं, पर बदाम..."

"बदाम घरी भिजवू. सर, फिजिक्सचे सर आले की सांगा, मी येते. तोवर मॅटवर त्या फोटोलाच उतरवा."