माझं तोंड आणि डिजिटल लाइन

...आणि वर मलाच विचारतात, "सुकदेवराव, आज गप्प का?" गप्प? मी? तुम्हाला सांगतो, अख्ख्या सामरवरणीत माझ्या तोंडी लागेल असा माणूस अजून जन्माला आलेला नाही! नाही, म्हणजे... एक होती. ती राखोलीला लेकीकडे जाऊन बसलीय. सरूबाई. माझी बायको. आणि का गेली? तर या तोंडापायीच!

झालं काय, दाढ ठणकली म्हणून सिल्वासात दाताच्या डॉक्टरकडे गेलो, ही सोबत. डॉक्टर कोवळा, मिसरूड फुटलेलं नाही. म्हणतो, "काका, स्वतःची तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घाला." मी म्हटलं, डॉक्टर, माणूस घास घालतो, बोटं कशाला? तरी घातली. दोन गेली, तिसरं दातावरच अडलं, भरलेल्या टेम्पोच्या दारात माणूस अडतो तसं. डॉक्टर म्हणतो, "तंबाखूनं तोंड मिटत चाललंय. आत पांढरा चट्टाही आहे. आजपासून बंद." मी म्हटलं, बरंच झालं की, तोंड मिटलं तर शेजारीपाजारी तुम्हाला पेढे वाटतील! डॉक्टर हसला नाही. जाऊ द्या, शिकलेला माणूस. पण सरूबाईही काही बोलली नाही हो! माझ्या विनोदावर ती चिडते, कपाळ बडवते, पण गप्प? कधीच नाही. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. दुसऱ्या सकाळी पिशवी भरली आणि म्हणाली, "तिसरं बोट गेलं की सांगा, मी येते. तोवर मला तुमच्या तोंडाकडे बघवत नाही." आणि बसली टेम्पोत.

आता मला सांगा, तोंड माझं आहे की नाही?

व्यसन व्यसन करतात! शनिवारी संध्याकाळी वापीच्या रस्त्याला उभे राहा. तिकडे गुजरातेत बंदी, म्हणून गाड्या भरभरून इकडे आमच्या बारमध्ये येतात, आणि सोमवारी तीच माणसं पोरांना संयम शिकवतात. त्यांना कुणी बोटं घालायला सांगतं? आमचे शेजारी सदाशिव गुरुजी, शाळेत विज्ञान शिकवतात, राजापूरकडचे, चहा तासभर उशिरा झाला की वर्गात पृथ्वी उलटी फिरवतात. ते व्यसन नाही? खडोलीच्या कारखान्याबाहेर पोरं रुमालावर ते पंक्चरचं सोल्युशन ओतून हुंगतात, ते मात्र वाईट हां! डोळे बघवत नाहीत पोरांचे. एकाच्या मी स्वतः कानाखाली वाजवली. वाजवताना हातातली मळलेली तंबाखू सांडली, ते दुःख वेगळं.

तर गुरुजी. गुरुजींना विज्ञान सांगायची खाज आणि मला ऐकायची. मी सातवी, तीही मास्तरांनी हात जोडले म्हणून. पण मला सगळं समजतं. एकदा म्हणाले, "सुकदेवराव, वेगानं जाणाऱ्याचा वेळ हळू चालतो." मी म्हटलं, गुरुजी, राखोलीच्या टेम्पोत तर वेळही हळू आणि टेम्पोही हळू, हे कुठल्या पुस्तकात बसतं? मग म्हणाले, "पदार्थाचे इतके बारीक कण असतात, की कुणी बघत असलं की ते एक वागतात, कुणी बघत नसलं की निराळं. न बघता विचाराल तर कण इथंही आहे आणि तिथंही." अहो, मी गुरुजींचे पायच धरले! म्हटलं, हा तर माझा जन्माचा अनुभव! सरूबाई बघत असली की मी तंबाखू सोडलेली असते. बघत नसली की खाल्लेली असते. आणि कुणीच बघत नसलं की दोन्ही! सोडलेलीही आणि खाल्लेलीही! गुरुजी म्हणाले, "तसं नाही हो ते..." तसंच आहे! शास्त्रज्ञांना कण सापडला, त्या कणाला बायको सापडायची राहिलीय, एवढाच फरक.

पण बघा, सरूबाई राखोलीत, मी सामरवरणीत. बघणार कसं? तर टेलिफोननं!

आमचा जावई फोरमन, त्याच्या घरी फोन. इकडे आमच्या नाक्यावर भावेशचा बूथ, काचेची कॅबिन, आत माणूस बसला की बरणीतल्या लोणच्यासारखा दिसतो. रोज संध्याकाळी मी फोन लावायचा आणि सरूबाईनं परीक्षा घ्यायची. "घाला बोटं तोंडात. आणि आता बोला, किती गेली?" बाई बघा! डोळ्यांनी दिसत नाही म्हणून कानानं तोंड तपासायला निघाली! पण जुनी लाइन होती हो आमची, देवमाणूस लाइन! खरखर, खरखर, मधूनच कुणाच्या तरी म्हशीचा सौदा ऐकू यायचा. त्या खरखरीत मी दोन बोटं घालून "ईन!" म्हणायचो आणि पलीकडे "तीन" पोचायचं. रिसीव्हर खांद्यात धरायचा, तळहातावर तंबाखू, चुना, अंगठ्यानं मळायची, थाप मारायची, गालात ठेवायची, आणि म्हणायचं, "सरू, तुझी शपथ, वाससुद्धा घेतला नाही." सगळं त्या खरखरीच्या पोटात! सरूबाई खूश. परवा म्हणाली, "आवाज सुटा वाटतोय. रविवारी येते मी."

येते म्हणाली! मी घरात झाडू मारला. स्वतः. तिच्या तुळशीला पाणी घातलं, ती वाळली होती, तरी घातलं. पितळेचा डबा चिंच लावून घासला. मी काय घाबरतो का तिला? पण बाई घरी येणार म्हटल्यावर जरा बरं दिसायला नको?

आणि तेवढ्यात आलं ते डिजिटल!

भावेश तर नवरदेवासारखा दारात उभा. "काका, एक्सचेंज डिजिटल थई गयुं! आता सोय पडे ने, तोय संभळाय!" म्हणजे सुई पडली तरी ऐकू येणार. मी म्हटलं, माझ्याकडे कुठे सुया आहेत? मी उलट नाचलो. गुरुजींच्या शाळेत फोन लावला, आवाज बदलला, "एक्सचेंजमधून बोलतोय, डिजिटलचा पहिला दिवस आहे, तारेतली धूळ बाहेर येईल, रिसीव्हरला फडकं बांधून ठेवा." शिपायानं बांधलं हो! दिवसभर हेडमास्तरांनी फडक्यातून फोन घेतले. असा हसलो, असा हसलो, की माझं दोन बोटांचं तोंडही दुखायला लागलं.

आणि संध्याकाळी त्याच तोंडानं बूथमध्ये शिरलो. डिजिटलची आठवणच नाही! सवयीचा माणूस मी. मागे गुरुजी, त्यांना राजापूरला फोन लावायचा होता, म्हणून कॅबिनच्या दारात उभे. "हॅलो सरू," म्हटलं, आणि हातांनी आपलं काम सुरू केलं. मळली. दोनदा बारीक थाप, एकदा मोठी. आता आपल्यात रीत काय? मळली की शेजारच्यापुढे हात करायचा. एकट्यानं खाणारा माणूस कसला? मी मागे हात केला, गुरुजींनी चिमूट उचलली. हो, गुरुजीही! विज्ञान शिकवतात म्हणून काय झालं?

पलीकडे शांत. खरखर नाही, म्हैस नाही, काही नाही. इतकं शांत की मला तिचा श्वास ऐकू यायला लागला. मग म्हणते, "कुणाला दिलीत चिमूट?"

म्हटलं, "कसली चिमूट? डास मारला मी."

"दोन बारीक, एक मोठी. लग्नापासून ती थाप ऐकतेय मी. डास असे मरतात?"

"अगं, तीन डास होते. एक मोठा होता."

गुरुजी मागे खोकले. तोंडात चुना लागला असावा. भावेश काचेबाहेर पोट धरून बसलेला. ही म्हणते, "बरं. घाला बोटं."

मी दोन घातली. "ईन!"

"हं. थांबा." आणि पलीकडून, तुम्हाला सांगतो, पलीकडून सरूबाईचाच आवाज, "आ... आ..." मी म्हटलं, काय झालं गं? म्हणते, "मी माझ्या तोंडात तीन घातली. तीन बोटं असली की नुसता 'आ' निघतो, 'ईन' म्हणता येत नाही. एवढे दिवस दोनच घालत होतात ना?"

अरे! म्हणजे काय चाललंय काय हे? माणसाचं खाजगी म्हणून काही राहिलंय की नाही? उद्या ही डिजिटल मंडळी माझ्या पोटातली गुरगुर राखोलीला ऐकवतील! सरकारनं माझ्या गालात काय आहे हे बायकोला सांगायला तार टाकलीय का? जुनी खरखर म्हणजे माणसाचं धोतर होतं हो, यांनी भर नाक्यावर फेडलं! मी भावेशला म्हटलं, जुनी लाइन परत लाव. तो म्हणतो, "काका, गयुं ते गयुं." गुरुजींना म्हटलं, तुमचं विज्ञान काय म्हणतं? गुरुजी तंबाखू गालात सरकवून म्हणाले, "सुकदेवराव, बघितलं गेलं की कणाला एकच काहीतरी ठरवावं लागतं. दोन्ही राहता येत नाही." बघा! माझी तंबाखू खाऊन माझ्यावरच!

शेवटची युक्ती केली. म्हटलं, "सरू, डिजिटलची धूळ येते, रिसीव्हरला जरा फडकं बांध."

म्हणते, "ते तुमच्या तोंडाला बांधा. रविवारी मी येत नाही."

मग मात्र माझं डोकं फिरलं. काच हादरली अशा आवाजात सांगितलं तिला. म्हटलं, ये नाहीतर नको येऊस! मी माझी तुळस बघीन, माझा डबा घाशीन! मी कुणाच्या बापाला भीत नाही, डॉक्टरला नाही, डिजिटलला नाही, आणि तुला तर नाहीच नाही! मी मळीन, मी खाईन, मी गुरुजींना देईन! तोंड माझं आहे! ऐकलंस? तोंड माझं आहे!

आणि ती, तुम्हाला सांगतो, जराही आवाज न चढवता, त्या मेल्या स्वच्छ लाइनीतून, अगदी कानाशी बसल्यासारखी म्हणाली,

"तुमचं आहे ना? मग उघडा की पुरतं."