घरातल्या सर्वांनी लावावे

(जानेफळ. माध्यान्हीची वेळ. अंगणात पाचवीतली राखी केस मोकळे सोडून बसली आहे. तिच्या मागे आई, जयमाला. ओसरीवर आजोबा भगवानराव, जयमालाचे सासरे, संस्कृताचे निवृत्त शिक्षक.)

भगवानराव : जयमाला, ती फवारणीची बाटली प्रथम खाली ठेव.

जयमाला : नाही ठेवत, मामाजी. कपाशीवरचा मावा मरते याच्यानं, मंग उवा काऊन नाही मरणार?

भगवानराव : अगं, ते विष आहे. पोरीच्या टाळूला खाजवून जखमा झाल्या आहेत. तिथून ते थेट अंगात भिनेल.

जयमाला : मंग करू काय? सोमवारी होस्टेलात घ्याच्या आधी तिथल्या मॅडम पुन्हा डोकं पाहतीन. एक जरी ऊ दिसली, तर जागा दुसऱ्या पोरीले. संपलं हिचं शिक्षण!

राखी : आई, टक्कल करून टाक ना. तसंबी पोट्ट्या मले उवाडीच म्हणतात.

जयमाला : तू चूप बस!

भगवानराव : डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेले औषध विधिपूर्वक लावलेस का?

जयमाला : लावलं ना! धुतलं, फणीनं लिखा काढल्या, आठवड्यानं अजून लावलं. चादरी उकळल्या. डोकं साफ होते, मामाजी, अन् पुन्हा जित्या उवा! नवी बाटली आणून ठेवली, पण तेबी वाया जाईन म्हणून खोलाची हिंमतच होऊन नाही राह्यली.

भगवानराव : स्वच्छ झालेल्या मस्तकात पुन्हा येतात, म्हणजे बाहेरून येतात. डॉक्टर आणखी काय म्हणाले होते?

जयमाला : घरातल्या सगळ्याईनं लावा म्हने. म्या लावलं. हिच्या बाबानं लावलं.

भगवानराव : थांबलीस का? बोल.

राखी : आबा, मी तं तुमच्यापाशीच झोपते. श्लोक म्हणता म्हणता, तुमच्या खांद्यावर.

जयमाला : राखे!

भगवानराव : तिला रागावू नकोस. मस्तक मलाही खाजते. मी उन्हाला दोष देत राहिलो. मला सांगितले का नाहीस?

जयमाला : कोन्या तोंडानं सांगू? सासऱ्याच्या डोक्यात उवा हायेत, असं सून म्हणेन? तुमच्या शेंडीले सासूबाईनंबी कधी हात लावला नाही.

भगवानराव : ती नवी बाटली आण. आधी राखीला लाव, मग मला.

जयमाला : म्या? तुमच्या डोक्याले? लोक काय म्हणतीन, मामाजी?

भगवानराव : माझे हात आता मागे पोहोचत नाहीत, बाळ.

राखी : (तिला लावून झाल्यावर) आबा, डोळे मिटून घ्या हं. झोंबते.

भगवानराव : मिटले.

जयमाला : मामाजी... मान थोडी खाली करा.