छोट्यांची खोली

— नको मावशी, चहा नको, चहा प्यायला नाही आले मी. अधीक्षिका मॅडमनी सांगायचं ते सांगितलं — पाचवीच्या खालचं मूल आता वसतिगृहात ठेवत नाही, यंदापासून बंद, छोट्यांनी आपापल्या घरून शाळेत जायचं — ऐकलं सगळं. म्हणून तर स्वयंपाकघराच्या दाराने तुमच्याकडे आले. मॅडम काल-परवाच्या. तुम्ही तर, मी इथे शिकायला यायच्या आधीपासून भाकऱ्या थापताय. — ती बघतेय का इकडे? नाही ना? असू दे झोपाळ्यावर. दादाची मुलगी, किंजल. दुसरीत आहे.

लहान मूल आईजवळच हवं, असं म्हणाले म्हणे संस्थेचे अण्णा. हवंच की. पण कुठल्या आईजवळ? बुधीवहिनी दादाबरोबर परवाच वीटभट्टीवर गेली, भिवंडीच्या पलीकडे. घराच्या दाराला दोरी बांधून गेले. गावात शाळा आहे — आहे ना, मी कुठे नाही म्हणते, पण शाळा सुटल्यावर पोरीने जायचं कुठे? दोरी सोडून अंधारात बसायचं? या म्हाताऱ्या माणसांचं हे असं — खुर्चीत बसून ठरवायचं, आणि निभवायचं आम्ही. आणि भट्टीवर नेलं तर तिथे पोरं काय करतात, ठाऊक आहे तुम्हाला. उन्हात विटा उलटत बसतात. पाटीला हात लागत नाही पुन्हा.

काय? आधी विचारायचं होतं? आमच्यात विचारतं कोण, मावशी? दिवाळी झाली की पोर आणि पेटी घेऊन फाटकाशी यायचं, तुम्ही पेटी आत घ्यायच्या, झाला प्रवेश. मीही तेच धरून चालले. दादाला सांगून टाकलं, किंजलचं झालंय, तुम्ही निघा. त्या भरवशावर गेले ते. आता फोन करून काय सांगू, झालं नव्हतंच म्हणून?

मी ठेवू? मी कशी ठेवू? सरावलीला एका खोलीत पाचजणी राहणार आहोत, मालकीण कुणाच्या बहिणीलासुद्धा रात्री थांबू देत नाही. सोमवारपासून कंपनीत लागतेय — औषधांची लॅब, फिरती शिफ्ट. बीएस्सी होऊन दीड वर्ष घरी बसले, जो तो विचारायचा, शिकून काय केलंस. सोमवारी नाही गेले तर माझ्या जागेवर दुसरी उभीच आहे. आणि हे सगळं मी किंजलसाठीच तर — नाही, जाऊ दे, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. माझ्यासाठी करतेय. एकदा तरी माझ्यासाठी. वाईट दिसतं का ते? दिसू दे.

छोट्यांच्या खोलीत तांदळाची पोती रचलीत, पाहिलं मी खिडकीतून. भिंतीवर आम्ही खिळ्याने काढलेली चित्रं तशीच आहेत. प्रत्येक छोटीला तुम्ही एक मोठी लावून द्यायच्या — आंघोळ तिने घालायची, वेणी तिने, रात्री बाहेर न्यायचं तेही तिने. मला हंसाताई होती. तिच्याच चटईवर वाढले मी. वर आठवीच्या मुली आहेत ना अजून? त्यांतल्या एकीला सांगा. एवढीशी पोर चटईवर मावणार नाही? मॅडमना कळेपर्यंत होळी येईल.

रडेल? रडेलच ना. मी नव्हते रडले? बा म्हणाला, इथं उभी रव, नाक्यावरून खारी आणतो. दिवे लागले तरी मी याच फाटकाला धरून उभी. तुम्हीच उचलून आत नेलंत, पदराला नाक पुसलंत माझं. आमच्याकडे सगळे असंच करतात. पोराला सांगून जायचं नाही, मागे लागतं. परवा दादाबरोबर भट्टीवर निघतानासुद्धा बा ओटीवर बसून मलाच शिकवत होता — ‘सांगायचा नाय, पोर रडल. नजर चुकवून निघायचा.’ कडकडून भांडले त्याच्याशी. म्हटलं, तुझ्या त्या खारीपायी अजून कुणी ‘आलोच’ म्हणालं की तो परत येईपर्यंत दारातून हलत नाही मी. तर हसला. म्हणे, पण शिकलीस ना?

बरं, ऐका. पेटी इथे, चुलीमागे ठेवते. दोन फ्रॉक आहेत, एक स्वेटर. तेल लावू देत नाही, धरून लावा. रात्री एकटी उठत नाही, मग अंथरूण ओलं करते — त्यावरून कुणी चिडवलं तर जेवत नाही. रविवारी येते मी. रविवारी सुट्टी मिळाली तर. येतेच. — बघतेय का ती? — आता जरा नाक्यावर जाऊन येते, सकाळपासून उपाशी आहे ती. अशा काय बघताय? खारी आणते फक्त. आलेच.

मावशी, फाटकाला कडी का लावताय?

सोडा ना. माझी बस चुकेल. — हो, बस. हो, निघालेच होते, झालं? आता तरी सोडा. हात सोडा माझा, ती वळून बघेल. तुम्हाला काय जातंय, तुमचं काय — तेव्हाही इथेच होतात ना तुम्ही? हेच फाटक होतं, हीच कडी होती. मग बा निघाला तेव्हा का नाही लावलीत?