ब्रेक तपासल्याची सही

लिफ्ट दुरुस्तीच्या कचेरीत साहेबांच्या दारापाशी भाऊ-बहीण बसली होती. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंना सगळं ऐकू येत होतं.

“मी ब्रेक न तपासताच सही ठोकली, ताई. इस्पितळाची लिफ्ट आहे.”

“चालतेय ना? मग साहेबांना सांगून कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोस? नोकरी जाईल.”

“काल जेवायला बसलो. प्रार्थना केली, पण आमेन म्हणायला जीभ उचलेना.”

“रविवारी चर्चमध्ये तर छप्पर उडेल इतक्या मोठ्यानं आमेन म्हणतोस.”

“तिथं माझ्या सहीच्या भरवशावर कुणी वर जात नाही, ताई.”

बहिणीनं पदर खोचला.

“आत जाऊन रडत बसू नकोस,” ती म्हणाली. “आधी लिफ्ट बंद करायला सांग. माफी नंतर माग.”