आर्वोकाकांची दृष्ट

हसू नका, पण आमच्या आईनं एका फिनिश म्हाताऱ्याची दृष्ट काढलीये. मिशिगनमधलं आमचं गाव म्हणजे फिनलंडहून आलेल्यांची नातवंडं, बोलण्यात महाकंजूष. शेजारच्या आर्वोकाकांनी दोन हिवाळ्यांत मला "मॉर्निंग" सोडून काही म्हटलं नव्हतं. आई नागपूरहून आली आणि बर्फावर घसरायच्या भीतीनं दहा दिवस घरातच बसली.

अकराव्या दिवशी सकाळी तिनं खिडकीतून हाक मारली, "अरे, तो म्हातारा आपल्या पायऱ्यांवर मीठ काऊन टाकून राहिला?"

"त्यानं बर्फ वितळतो गं. तू पडू नयेस म्हणून टाकतायत."

"माझ्यासाठी?" तिनं खिडकीला नाक लावून पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की. फक्त मोहऱ्या विसरला."

मी थांबवेपर्यंत ती साडीवर माझं जॅकेट चढवून, मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन बाहेर. काका टोपी काढून उभे राहिले, तिनं तीनदा ओवाळलं. मला यार, तिथल्या तिथे बर्फात गाडून घ्यावंसं वाटलं.

काकांनी खाली पडलेला मोहरीचा दाणा उचलून निरखला. "फार थंडी पडली की मीठ चालत नाही," ते मला म्हणाले. "हे चालतं?"

मी आईला विचारलं.

"सांग त्याला, मोहरीला थंडी वाजत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पायऱ्यांवर मीठ होतं आणि मधून मधून मोहऱ्याही. पिवळ्या, कारण आमच्या गावातल्या दुकानात काळ्या मिळत नाहीत.