नळीपासून तीन मीटर

रेवती : नाही सर, चहा नको. आधी हे दोन आकडे बघा. सेकंदाला एकशे ब्याऐंशी मीटर. आणि हा दुसरा, दोनशे शहाण्णव. काल आपल्या लॅबमधलं पिस्तूल झाडून मोजले. पिस्तूल तेच, काडतुसं कंपनीच्या एकाच डब्यातली.

भाऊसाहेब : मग एवढा फरक कसा?

रेवती : पहिल्यांदा क्रोनोग्राफ नळीपासून एक मीटरवर ठेवला. दुसऱ्यांदा तीन मीटरवर.

सुनंदा : गोळीचा वेग मोजायचं यंत्र ना ते? पस्तीस वर्षं ह्यांच्या तोंडून ऐकतेय.

रेवती : हो काकू. दोन सेन्सर असतात. गोळी पहिल्यावरून गेली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेली की बंद. पण यंत्र फार जवळ असलं, तर गोळीच्या आधी नळीतला धूर आणि गॅस पोचतो. घड्याळ आधीच सुरू होतं. गोळी आहे त्यापेक्षा हळू दिसते.

भाऊसाहेब : हे तुला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मीच शिकवलंय. सुट्टीच्या दिवशी मेट्रो बदलून गुरुग्रामला हे सांगायला आलीस?

रेवती : महिपालची केस, सर. त्यात आपण वेग असाच कमी लिहिला, तो खरा नव्हता. तोही आपण एक मीटरवर मोजला.

सुनंदा : कोण महिपाल?

रेवती : ग्रेटर नोएडाकडच्या एका लग्नातला जनरेटरवाला. वरात आली तेव्हा समोरच्या गच्चीवरून नवरदेवाचे मित्र खुशीत गोळ्या झाडत होते. खाली नवरीचा काका छातीत गोळी लागून गेला. महिपाल त्याच्याजवळ उभा होता आणि दुपारी दोघांचं भांडण झालं होतं. गावठी पिस्तूल नाल्यात सापडलं, सोबत घरी हाताने भरलेली सहा काडतुसं. आपण त्यातली तीन झाडून वेग मोजला.

भाऊसाहेब : आणि लिहिलं की एवढ्या कमी वेगाने नव्वद मीटरवरच्या गच्चीवरून गोळी बरगडी फोडून पाठीपर्यंत जाणार नाही. गोळी जवळून झाडलेली आहे. अजून आठवतंय मला.

रेवती : जन्मठेप झाली सर त्याला. पाच वर्षं आत आहे.

भाऊसाहेब : रिपोर्टात अंतर तीन मीटर लिहिलंय. मी विचारलं होतं तुला, टेप लावून मोजलंस ना?

रेवती : मी हो म्हणाले होते. मोजलं नव्हतं. मोठ्या हॉलचं काम चालू होतं, म्हणून आपण मागच्या छोट्या खोलीत टेस्ट करत होतो. भावाचा, जयेशदादाचा साखरपुडा होता, मला पुण्याची गाडी पकडायची होती. परवा नवीन मुलांना शिकवण्यासाठी जुन्या फायली काढल्या, त्यात त्या टेस्टचा हा फोटो दिसला. खालच्या फरश्या एक-एक फुटाच्या आहेत. नळी आणि यंत्राच्या मध्ये किती फरश्या आहेत, मोजा ना तुम्हीच.

भाऊसाहेब : तीन. म्हणजे जेमतेम एक मीटर.

रेवती : मी वीस वेळा मोजल्या. प्रत्येक वेळी वाटतं, चौथी दिसेल.

भाऊसाहेब : साक्षीदार होते त्या केसमध्ये.

रेवती : त्यांनी भांडण पाहिलं. गोळी झाडताना कुणी पाहिलं नाही. जज्जसाहेबांनी निकालात आपलाच आकडा लिहिलाय, दोनदा. शुक्रवारी हायकोर्टात अपील आहे. तेही फेटाळलं तर? सर, मला काही सुचत नाहीये. तीन दिवस झाले, घास उतरत नाही. यशोधनला वाटतंय बायको आजारी आहे.

भाऊसाहेब : नोकरी जाईल तुझी.

रेवती : माहितेय.

भाऊसाहेब : आणि एक केस उघडली की त्या खोलीत केलेल्या सगळ्या उघडतील. तेवीस केसेस. सगळ्यांवर माझी सही.

सुनंदा : तेवीस केसेस काय म्हणता? माणसं म्हणा.

भाऊसाहेब : सुनंदा, तू मध्ये बोलू नकोस.

सुनंदा : का नको? ही पोर चूक तोंडाने कबूल करतेय. तुम्ही सही मोजताय.

भाऊसाहेब : मी त्या खोलीत आलो होतो, रेवती.

रेवती : कधी?

भाऊसाहेब : त्याच दुपारी. तू कागद गोळा करत होतीस. मी दारातून स्टँड पाहिला. मनात आलं, हे जवळ आहे. पण त्या दिवशी सहा रिपोर्ट जायचे होते. म्हणून नुसतं तुला विचारलं. तू हो म्हणालीस आणि मला बरं वाटलं.

रेवती : सर...

भाऊसाहेब : रडू नकोस. कागद घे. कोर्टाला दोघांचं पत्र जाईल, सकाळीच. लिही : अंतर मोजलेलं नव्हतं. 'कदाचित' वगैरे काही लिहू नकोस.

रेवती : आणि उरलेल्या तीन काडतुसांची पुन्हा टेस्ट मागू?

भाऊसाहेब : मागायचीच. पण तुझ्या-माझ्या हातून नको, दुसऱ्या कुणी करावी. हाताने भरलेली आहेत, प्रत्येकात दारू थोडी कमी-जास्त असणार, आणि तीनच आहेत. चूक झाली तर पुन्हा संधी नाही. तेव्हा लिही, आधी कंपनीची दहा काडतुसं झाडून यंत्र एकसारखं वाचतंय का बघावं. ट्यूबलाइट बंद ठेवावी, तिच्या लुकलुकण्याने सेन्सर फसतो. साधे बल्ब लावावेत. मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा उभा करावा, म्हणजे गॅस अडेल. आणि अंतर दोन माणसांनी टेपने मोजावं.

रेवती : बाकीच्या बावीस?

भाऊसाहेब : त्यांचे नंबर खाली लिही. मी सांगतो एकेक.

(अडीच महिन्यांनंतर. फोनवर.)

भाऊसाहेब : हां, रेवती, बोल. फोन स्पीकरवर टाकलाय, काकूही ऐकतायत. मला पुढच्या मंगळवारी साक्षीला बोलावलंय.

रेवती : मला सस्पेंड केलंय सर. ऑर्डर आजच आली.

सुनंदा : अगं बाई. यशोधन काय म्हणाले?

रेवती : पोळ्या केल्या त्याने. जाड झाल्या होत्या, पण जेवले मी.

भाऊसाहेब : टेस्टच्या वेळी तू हजर होतीस ना?

रेवती : कोर्टाने मागे उभं राहायची परवानगी दिली होती. दुसऱ्या लॅबच्या कादंबरी मॅडमनी काडतुसं झाडली. पहिलं काडतूस, तीनशे एक. दुसऱ्याला यंत्राने काहीच दाखवलं नाही. एकच उरलं होतं. मॅडमनी सगळं थांबवलं, यंत्र पुन्हा सरळ रेषेत आणलं, पुन्हा कंपनीची दहा झाडली. मग तिसरं. दोनशे अठ्ठ्याऐंशी.

भाऊसाहेब : म्हणजे गच्चीवरून येऊ शकते.

रेवती : येऊ शकते. कोर्टाने शिक्षा थांबवून त्याला जामीन दिला. काल सुटला तो. मी जेलच्या गेटवर गेले होते.

सुनंदा : एकटी गेलीस? ओळखलं त्याने तुला?

रेवती : मीच सांगितलं मी कोण ते. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानेच विचारलं, "मैडम, नापने में कितना टाइम लगता है?"

भाऊसाहेब : काय सांगितलंस?

रेवती : दो मिनट.

सुनंदा : मग काय म्हणाला तो?

रेवती : त्याच्या बायकोने त्याच्या हातातली पिशवी घेतली. मग त्याने विचारलं, मेट्रो किधर से मिलेगी. मी स्टेशनपर्यंत त्यांच्यासोबत चालत गेले.